नॉर्फकमधली कबुतरं: आधी मान बघा, मग जाळी आणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जो समजला तो आधी सांगते, चुकत असेन तर सांगा. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही ठाण्याहून इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्फक कौंटीत, फेकनहॅमजवळच्या एका खेड्यात राहायला आलात. परसात केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) आणि कोबी लावलाय. फेब्रुवारी लागल्यापासून जाडजूड कबुतरं येऊन पानांच्या नुसत्या शिरा ठेवून जातात. सोबत आणखी दोन-तीन प्रकारची दिसतात. त्यातलं मानेवर हिरवं चमकणारं एक जोडपं शेजाऱ्याच्या कोठारात घुबडाने घरटं करावं म्हणून लावलेल्या पेटीत ये-जा करतं, आणि ते दुर्मिळ टर्टल डव्ह असावं असं तुमच्या मिस्टरांना वाटतं. शेजारी म्हणतो हुसकून लावा. तुमच्या लेकाला दमा आहे आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याला कबुतरांपासून लांब ठेवायला सांगितलं होतं. तर आता जाळी लावायची, दाणे टाकायचे, की सगळ्यांनाच पळवून लावायचं?

यातली खरी अडचण अशी आहे की तुम्ही विचारलंय "कबुतरांचं काय करू", आणि तुमच्या परसात कबूतर नावाचे किमान तीन वेगळे पक्षी येतात. मुंबई-ठाण्यात कबूतर म्हणजे पारवा. तोच गॅलरीत, तोच एसीच्या मागे, तोच स्टेशनवर. त्यामुळे एकाचा इलाज सगळ्यांना चालतो अशी आपल्याला सवय लागलेली असते. नॉर्फकमध्ये पाच जाती आहेत आणि पाचांची परिस्थिती पाच तऱ्हेची. एकाच्या संख्येने शेतकरी रडकुंडीला येतात, तर दुसरा पुढच्या पिढीला दिसेल की नाही याची खात्री नाही. एकासाठी जाळी लागते, एकाला तर हातही लावता येत नाही.

माझी ओळख एवढ्यासाठी देते की मी कुठून बोलतेय ते कळावं. मी राहुरीला कृषी पदवी घेतली आणि 2001 पासून इथे शेतकऱ्यांना पिकांचा सल्ला देते, म्हणजे कुठल्या शेतात काय पेरायचं, काय फवारायचं, कधी फवारायचं. कबुतरं माझ्याकडे आधी तक्रार म्हणून आली, आवड नंतर लागली. आता दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन सकाळी एका ठरलेल्या चौरस किलोमीटरात चालत पक्षी मोजते. ब्रीडिंग बर्ड सर्व्हे म्हणतात त्याला, 1994 पासून चाललाय, माझ्यासारखी हजारो हौशी माणसं करतात, आणि तो चालवणारी पक्षीअभ्यासकांची संस्था, बीटीओ (ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी), आपल्याच नॉर्फकमध्ये थेटफर्डला आहे. काही गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्या परसाला लागून कुठलं पीक आहे, कोठाराची रचना कशी आहे, आणि मुख्य म्हणजे लेकाचा दमा कुठल्या तऱ्हेचा आहे, यावर बरंच अवलंबून आहे. त्या त्या जागी तसं सांगेन.

जाडजूड म्हणजे वुडपिजन

तुमचा केल खाणारा वुडपिजन आहे, याबद्दल मला शंका नाही. अर्धा किलोचा पक्षी, आपल्या पारव्यापेक्षा चांगलाच थोराड. छाती गुलाबीसर, डोळा फिकट पिवळा, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका. उडाला की पंखाच्या मधोमध पांढरी पट्टी दिसते, आणि उडताना पंख असे फडफडतात की झाडाखालून जाणारा माणूस दचकतो. इथे एक फसगत होते: पिल्लांना पहिल्या काही महिन्यांत मानेवरचा पांढरा ठिपका नसतो. लोक तेवढ्यावरून त्याला वेगळी जात ठरवतात. पंखावरची पांढरी पट्टी मात्र पिल्लालाही असते, म्हणून शंका आली तर तो उडेपर्यंत थांबायचं.

आवाज पाच स्वरांचा. इथले लोक त्याला "टेक टू काउज, टॅफी" असे शब्द लावतात. माझी मुलगी लहान असताना म्हणायची की तो "तू येऽऽ ना, आई" म्हणतोय. दुसऱ्या स्वरावर जोर, शेवटचे दोन चटकन. एकदा असा कानात बसला की जन्मभर चुकत नाही.

ब्रिटनमध्ये यांच्या सुमारे 50 लाख जोड्या आहेत. इतके झाले कसे, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच तुमच्या केलची गोष्ट आहे. पूर्वी कडक हिवाळ्यात यांची उपासमार व्हायची. धान्य संपलेलं, ओकची फळं संपलेली, उरायचा तो क्लोव्हरचा पाला. मग 1970 च्या दशकापासून इथे रेपसीड वाढलं. ते आपल्या मोहरीचं भावंड, ऑगस्टमध्ये पेरतात आणि ते सबंध हिवाळा हिरवं उभं राहतं. म्हणजे डिसेंबर ते मार्च जेवणावळ चालू. कबुतरांच्या कुळाची आणखी एक सोय अशी की नर आणि मादी दोघंही आपल्या अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात. चिमण्यांसारख्या अळ्या शोधाव्या लागत नाहीत. पोटाला मिळालं की वीण सुरू. म्हणून इतर पक्षी आवरते घेतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात, गहू-बार्ली पिकल्यावर, वुडपिजनची वीण ऐन भरात असते. घरटं म्हणाल तर चार काटक्या; खालून अंडी दिसतात.

गेल्या काही वर्षांत रेपसीडचं क्षेत्र कमी झालंय. बियाण्यावर लावायच्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवर 2013 मध्ये बंधनं आली, त्यानंतर एका भुंग्याने या पिकाचे हाल केले आणि बऱ्याच जणांनी ते सोडून दिलं. पक्षी तितकेच, शेतं थोडी. त्यामुळे उरलेल्या शेतांवर आणि परसांवर ताण. फेब्रुवारीत रानातले दाणे, फळं सगळं सरलेलं असतं, त्यामुळे तुमचा केल त्यांच्या नजरेत भरणारच. मध्येच शेतातून तोफेसारखा धडाम आवाज येतो ना, तीन-तीनदा? घाबरू नका, ती गॅसवर चालणारी तोफ, कबुतरांना उठवायला. लहानपणी आमच्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून मी गोफण फिरवलीय, त्यापेक्षा ही काही फार हुशार नाही. तिसऱ्या दिवशी पक्षी तिच्या शेजारी चरतात.

तेव्हा परसात सीडी टांगणं, प्लास्टिकचं घुबड ठेवणं यावर पैसे घालवू नका. माझ्याकडचं घुबड आठवडाभर टिकलं. मग त्याच्या डोक्यावर वुडपिजन बसलेला मीच पाहिला. जाळीच लागते, आणि ती नीट लावावी लागते. वाकवलेल्या नळ्यांवर ताणून, पानांपासून निदान वीतभर वर. पानांवर नुसती पसरली तर ते वर बसून छिद्रांतून टोचतात, आणि सैल सोडली तर साळिंदरासारखा काटेरी पण छोटासा हेजहॉग किंवा एखादा ब्लॅकबर्ड अडकून मरतो. कडा जमिनीला खिळवा आणि रोज एक नजर टाका. खाल्लेली रोपं उपटू नका. मधला कोंब शाबूत असेल तर मार्चमध्ये केल पुन्हा फुटतो. शेतातल्या रेपसीडचंही मी शेतकऱ्याला हेच सांगते. बघायला भयानक दिसतं, पण दाट उगवलेलं पीक बऱ्याचदा सावरतं. विरळ उगवलेलं सावरत नाही.

शेजारी बंदुकीची भाषा करत असेल तर एवढं लक्षात ठेवा: वुडपिजन मारता येतो तो पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी, सरकारच्या जनरल लायसन्सच्या, म्हणजे सरसकट परवान्याच्या, अटी पाळून. आधी दुसरे उपाय करून बघायचे असतात. चार केलच्या रोपांसाठी ते लागू करायला जाऊ नका.

कोठारातलं जोडपं

आता हिरव्या मानेचं जोडपं. ते टर्टल डव्ह नाही, आणि हे मी फोटो न बघता सांगू शकते, कारण कॅलेंडर बघितलं. टर्टल डव्ह या घडीला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आहेत. एप्रिलच्या शेवटाआधी ते नॉर्फकमध्ये येत नाहीत. फेब्रुवारीत कोणी टर्टल डव्ह पाहिल्याचं सांगितलं की मी आधी चहा पाजते.

तुमच्याकडचं जोडपं स्टॉक डव्हचं. वुडपिजनपेक्षा लहान, साधारण पारव्याएवढा, निळसर राखाडी. अंगावर पांढरं काहीच नाही. ही त्याची सगळ्यात मोठी खूण. पंखावर दोन काळ्या पट्ट्या, पण तुटक, अर्धवट पुसल्यासारख्या. डोळा काळाभोर, त्यामुळे चेहरा सौम्य वाटतो. मानेवर हिरवी झाक. आवाज म्हणजे लांबवर कुणीतरी हातपंप मारत असावं तसा: ऊ-वू, ऊ-वू, ऊ-वू. नावातल्या "स्टॉक"चा जुना अर्थ झाडाचा बुंधा, कारण हा ढोलीत घरटं करतो. ढोली नसेल तर कोठारात, घुबडाच्या पेटीत. थेटफर्डच्या आसपासच्या रेताड माळांवर आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत तर सशांच्या बिळात. मी पहिल्यांदा बिळातून कबूतर बाहेर येताना पाहिलं तेव्हा मला वाटलं सकाळी चष्मा लावायचा राहिला.

लोक याच्याकडे बघतच नाहीत. वुडपिजनच्या थव्यात चार असतात आणि सगळे "कबुतरं" म्हणून मोजले जातात. पण साऱ्या युरोपात जेवढे स्टॉक डव्ह आहेत त्यातला मोठा वाटा ब्रिटनमध्ये आहे, म्हणून इथे त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवतात. आणि याच्यावर एकदा गंडांतर येऊन गेलंय. 1950 च्या दशकात बियाण्याला आल्ड्रिन, डायल्ड्रिन अशी औषधं चोळून पेरणी व्हायची. वर राहिलेले दाणे या पक्ष्यांनी खाल्ले आणि पूर्व इंग्लंडमधून ते झपाट्याने नाहीसे झाले. त्या औषधांवर टप्प्याटप्प्याने बंधनं आली तसे परत आले. माझ्या पेशातली ही पहिली चूक, माझ्या जन्माआधीची.

शेजाऱ्याला काय सांगायचं? स्टॉक डव्हला कुठल्याही जनरल लायसन्सखाली मारता येत नाही. 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे वापरातलं घरटं मोडणं, अंडी काढणं हा गुन्हा आहे, मग पेटी कुणासाठीही लावलेली असो. शिवाय पेटीत बार्न आउल असेल तर प्रकरण आणखी नाजूक, कारण त्या घुबडाला घरट्यापाशी त्रास देणंही गुन्ह्यात येतं. विनापरवाना पेटी उघडून बघायचीसुद्धा नाही. शेजाऱ्याला घुबड हवंय, हे रास्त आहे. मी माझ्या तीन शेतकऱ्यांना एकच सांगितलं: दुसरी पेटी लावा, कोठाराच्या दुसऱ्या टोकाला. दोन ठिकाणी स्टॉक डव्ह एका पेटीत राहिले आणि घुबड दुसरीत आलं. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही पेट्यांत स्टॉक डव्ह शिरले. तेव्हा हमी देत नाही.

आजोळचा आवाज

तुम्ही लिहिलंय की पहाटे एक आवाज येतो आणि तुम्हाला सोलापूरच्या आजोळची दुपार आठवते. ती तुमची कल्पना नाही. तो कॉलर्ड डव्ह, म्हणजे आपला कंठवाला होला. अगदी तीच जात. फिकट दुधट-राखाडी अंग, मानेमागे अर्ध्या गोलाची काळी पट्टी, शेपटीचं टोक पांढरं. तीन स्वर, मधल्यावर जोर: "कु-ठेऽऽ-तू". वुडपिजनचे पाच, याचे तीन, एवढं मोजलं तरी घरबसल्या दोघं वेगळे करता येतात. खाली उतरताना मात्र एक सानुनासिक, तक्रार केल्यासारखा आवाज काढतो.

पण हा इथला मूळचा नाही. तुर्कस्तानापासून भारतापर्यंत याचं घर. गेल्या शतकात, 1930 च्या सुमारास, तो बाल्कन भागातून वायव्येकडे सरकायला लागला आणि कुणी न आणता, आपल्या पंखांनी, सगळा युरोप ओलांडून आला. ब्रिटनमध्ये त्याने पहिलं घरटं केलं ते 1955 मध्ये, आणि तेही आपल्या नॉर्फकमध्ये, क्रोमरजवळ. त्या काळात ही एवढी मोठी बातमी होती की पक्षीवेड्या मंडळींनी जागा गुप्त ठेवली. वीस वर्षांत देशभर झाला. आज क्रोमरच्या धक्क्यावर खेकडा खायला येणाऱ्या कुणालाही वर तारेवर बसलेल्या होल्याकडे बघावंसंही वाटत नाही. मी 2001 च्या डिसेंबरात इथे आले, पहिल्या आठवड्यात दिवस साडेतीनलाच मावळायचा, आणि एका सकाळी खिडकीबाहेर हा ओरडला. मी फोन लावून आईला ऐकवला होता.

अलीकडे यांची संख्या ब्रिटनमध्ये पुन्हा उतरतेय. एक कारण आजाराचं असू शकतं, आणि इथे तुमच्या दाण्यांचा प्रश्न येतो. ट्रायकोमोनोसिस नावाचा परजीवी रोग कबुतर-होल्यांच्या घशात होतो. पक्षी फुगून बसतो, दाणा उचलतो पण गिळता येत नाही, चोच ओली राहते. एकाच ताटलीत पाच-पन्नास पक्षी खायला लागले की लाळेतून आणि पाण्यातून पसरतो. 2005 नंतर हाच रोग ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्यांत शिरला आणि त्यांचा धुव्वा उडाला. म्हणून दाणे टाकायचे तर थोडे, दिवसात संपतील एवढेच, जागा बदलत. पाण्याचं भांडं रोज पालथं करून धुवून वाळवायचं. आजारी पक्षी दिसला की दोन-तीन आठवडे सगळं बंद. पाव-चपातीचे तुकडे नकोत. आणि केलच्या वाफ्यापासून लांब टाका, नाहीतर तुम्हीच वुडपिजनला आवतण दिल्यासारखं होईल.

पारवा, आणि लेकाचा दमा

चौथा तो आपला ओळखीचा पारवा, इथे फेरल पिजन. नॉर्फकच्या खेड्यांत तो चर्चच्या मनोऱ्यांत आणि धान्याच्या कोठारांत सापडतो, पण खेड्यात तुलनेने कमी. एक गंमत बघा: इथल्या पारव्याच्या पाठीचा खालचा भाग, शेपटीच्या वर, पांढरा असतो. आपल्या दख्खनच्या पारव्याचा राखाडी. कुणी ठाण्यातला आणि नॉर्विचमधला पारवा शेजारी ठेवले तर पाठीवरून सांगता येईल कुणाचं गाव कुठलं. मात्र या लोकांत रंगांची एवढी सरमिसळ असते की एखाद-दुसरा नियम मोडतोच.

पायात कडी असलेला, माणसाला न घाबरणारा एखादा आला तर तो शर्यतीचा. सँडरिंगहॅमला राजघराण्याचाच शर्यतीच्या कबुतरांचा खुराडा आहे, 1886 मध्ये बेल्जियमच्या राजाने दिलेल्या पक्ष्यांपासून सुरू झालेला, त्यामुळे या भागात शर्यतीची हौस जुनी. दमून उतरलेला असतो. पाणी द्या, थोडे गहू द्या, एक-दोन दिवसांत जातो.

लेकाबद्दल. तुमच्या ठाण्याच्या डॉक्टरांचं बरोबर होतं. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला तेव्हा फुप्फुसाच्या ज्या आजाराची चर्चा झाली तो खरा आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांची धूळ पुन्हापुन्हा, दीर्घकाळ श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसाला सूज येते. इथेही तो जुनाच माहीत आहे, कारण कबुतरं पाळणाऱ्यांना व्हायचा. त्याला नावच कबुतरवाल्यांचं फुप्फुस असं आहे. पण तो धोका बंदिस्त जागेचा आणि साचलेल्या विष्ठेचा. उघड्या परसात दहा-बारा वुडपिजन चरून गेले, तर ती गॅलरीतल्या डक्टसारखी परिस्थिती नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा इथल्या जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, ठाण्याचे कागद दाखवून विचाराच. माझ्या बाजूने दोन गोष्टी. एक, लेकाला त्या कोठारात घुबडाच्या पेटीखाली खेळू देऊ नका. तिथली जमीन बघितलीत तर कारण कळेल. दोन, दाण्यांची ताटली धुणं, विष्ठा साफ करणं हे काम त्याच्याकडे नको, आणि तुम्हीही कोरडी विष्ठा झाडू नका, आधी पाणी मारा, मास्क लावा.

इथवरचं एका दमात: वुडपिजनला जाळी, स्टॉक डव्हला मुळीच हात लावायचा नाही, होल्याला बेताने आणि स्वच्छ भांड्यात दाणे, पारव्याला दाणे नकोत. टर्टल डव्ह सध्या तुमच्याकडे नाही.

जो तुमच्याकडे नाही

मिस्टरांना वाईट वाटेल म्हणून नाही, पण याच्याबद्दल मला दोन शब्द जास्त लिहायचेत. मे महिन्यात तुम्ही ज्या भागात राहता तिथे त्याचा आवाज कानी पडण्याची शक्यता इंग्लंडच्या बहुतेक भागांपेक्षा जास्त आहे. नॉर्फक, सफक, एसेक्स, केंट, एवढ्या पूर्व आणि आग्नेय पट्ट्यातच तो प्रामुख्याने उरलाय.

टर्टल डव्ह होल्यापेक्षाही लहान, दीडशे ग्रॅमचा. पाठीवर कासवाच्या कवचासारखी तांबूस-काळी नक्षी, मानेच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघांचा ठसा, उडताना काळी शेपटी पंख्यासारखी पसरते आणि तिला पांढरी किनार. आपल्याकडच्या ठिपकेवाल्या होल्याची आठवण होते, पण नक्षी जास्त देखणी. नाव कासवावरून नाही, आवाजावरून: लॅटिनमध्ये तो "तुर्तुर". खरोखर तसाच बोलतो, मांजर अंगावर येऊन बसल्यावर करते तसं सलग तुर्रर्र, तुर्रर्र. उन्हाळ्याच्या दुपारी, काटेरी हॉथॉर्नच्या दाट झाडीतून, कुठून येतोय ते कळत नाही असा.

तो सेनेगल-मालीच्या बाजूला हिवाळा काढतो आणि वीण करायला इथे येतो. 2014 मध्ये सफकमधल्या एका नराच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं होतं, टायटन त्याचं नाव. रात्री उडत, फ्रान्स-स्पेन ओलांडून, तो मालीला जाऊन परत आला. वाटेत त्यांची शिकार व्हायची. 2021 पासून फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालने काही वर्षं ती थांबवली. त्याचा उपयोग झाला.

पण वाटेतल्या शिकाऱ्यांवर सगळं ढकलून मला मोकळं होता येत नाही. या पक्ष्याचं खाणं म्हणजे शेतातल्या तणांच्या बिया. त्यातलं त्याच्या आवडीचं एक तण म्हणजे फ्युमिटरी. काढ्यात घालतात तो पित्तपापडा त्याच जातकुळीतला. गुलाबी तुरे येणारं, मऊ, जमिनीलगत पसरणारं. मी इथे आल्यावर पहिली दहा वर्षं शेतकऱ्यांना जे सल्ले दिले त्यात ते मारायचं कसं हे होतं. माझं काम चोख होतं. शुगर बीटच्या शेतात जूनमध्ये मी गुडघ्यावर बसून तण शोधायचे आणि एकही नाही मिळालं की वहीत खूण करायचे. त्याच वर्षांत माझ्या मोजणीच्या चौकोनात पहिल्यांदा तीन ठिकाणी तो आवाज नोंदवलेला आहे, मग दोन, मग एक. 2013 नंतर रकाना रिकामा. दोन वह्या एकाच कपाटात होत्या, आणि त्या शेजारी ठेवून बघायला मला बरीच वर्षं लागली.

त्याचं गणित वुडपिजनच्या उलट आहे. दूध दोघांकडेही आहे, पण वुडपिजनला आख्खं वर्ष आणि हिरवं पान चालतं. याच्याकडे मे ते ऑगस्ट एवढाच हंगाम आणि दाणा बारीक हवा. बी लवकर मिळालं तर दोन-तीनदा अंडी घालून होतात, नाही मिळालं तर एकदा. 1960 च्या दशकाच्या तुलनेत एका जोडीची वीण साधारण निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. 2021 मध्ये देशभर मोजणी झाली तेव्हा विणीची सुमारे 2,100 ठिकाणं भरली. 1970 च्या आसपास जेवढे होते त्यातले शंभराला दोनही नाहीत.

गेली काही वर्षं मी उलटा सल्ला देतेय. बांधाच्या कडेला पट्टा सोडा, फ्युमिटरीचं बी पेरा, कुंपण रुंद आणि वेडंवाकडं वाढू द्या, तळं बुजवू नका. ऑपरेशन टर्टल डव्ह नावाचा उपक्रम 2012 पासून चालू आहे, त्यात शेतकऱ्यांना मदतही मिळते. मे-जूनमध्ये उघड्या जमिनीवर गहू, बाजरीसारखं मिलेट आणि रेपसीड मिसळून टाकतात. हो, तेच रेपसीड. माझा एक शेतकरी म्हणाला, "बाई, तूच सांग, दहा वर्षांपूर्वी हे तण उगवलं म्हणून तू मला बोलली होतीस ना?" मी म्हटलं, होते.

तुमच्या परसात यासाठी दाणे टाकू नका, ते वुडपिजन आणि उंदीरच खातील. तुमच्याकडून होण्यासारखं एकच आहे. तुमच्या मागच्या कुंपणाला हॉथॉर्न किंवा ब्लॅकथॉर्न असेल तर ते उन्हाळ्यात छाटू नका. शेतातल्या कुंपणांना 1 मार्च ते 31 ऑगस्ट कायद्यानेच बंदी आहे. घराच्या कुंपणाला ती जशीच्या तशी लागत नाही, पण घरटं असेल तर 1981 चा कायदा आहेच. आणि 5 मे ते जूनअखेर, उजाडल्यापासून दोन-तीन तास, दिवसाआड दहा मिनिटं मागच्या दारात चहा घेऊन बसा. तुर्रर्र ऐकू आला तर फोनवर आवाज मुद्रित करा, तारीख-वेळ लिहा आणि बीटीओच्या बर्डट्रॅक या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा कौंटीच्या पक्षीनोंदकाकडे पाठवा. फेसबुकवर जागा टाकू नका. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी कॅमेरे घेऊन वीस माणसं उभी राहतात.

कोठाराच्या पेटीचा फोटो मात्र आताच पाठवा, दुरून काढलेला. पेटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि दुसऱ्या पेटीला जागा कुठे आहे ते बघून सांगते. मार्च लागला की जोडपं अंड्यावर बसेल, मग शेजाऱ्याला शिडी लावता येणार नाही.